वरच्या गावाची पट्टी

माळवाडी, भऱ्याचं शिवार
वैशाख वद्य चतुर्थी, शके १८८१

प्रिय दादा,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं तुला दिसेलच. मास्तरकीत ही एक खोड लागली, पोरांच्या वहीतलं चुकीचं खोडता खोडता आपलंही खोडायची. ‘प्रिय’ मात्र ठेवलं. ते खरं आहे, म्हणून तर एवढं चिडायला होतं.

पत्र इस्माईलच्या हाती देतोय. पौडच्या बाजारातला हिरडा घेणारा इस्माईल, तू त्याला ओळखतोस. वाडीशी कुणी बोलायचं नाही असा ठराव तुझ्या पंचांनी केला, पण तुमचा हिरडाही तोच उचलतो, तेव्हा त्याला कुणी अडवणार नाही. टपाल तुमच्याकडं आठवड्यातून एकदा जातं आणि मला तेवढी सवड नाही. का नाही, ते शेवटी लिहीन. कागद उलटून आधी शेवट बघू नकोस. धाकट्या भावाचं एवढं ऐक. बाकी काही ऐकलं नाहीस म्हणून हे तरी.

धरणाचं पाणी गावात आलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, तू पंचवीसचा. लोक पत्रे, वासे, भांडी उचलत होते आणि तू वाघजाईच्या देवळात कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास. देवीची शिळा निघेना. शेवटी पहारीनं उपटलीस आणि खांद्यावर घेऊन टेकडीवर आलास. खांदा सोलून निघाला होता, कोपरापर्यंत रक्त आलं होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हा म्हणेल तसं वागायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पुढची तीस वर्षं मी तुझं का ऐकत राहिलो ते तुला कळावं, म्हणून आज लिहितोय.

वरच्या टेकडीवर सगळ्यांना पुरेल एवढी जमीन नव्हती. अकरा घरांनी खाली भऱ्याच्या माळावर जावं असं बैठकीत ठरलं. आपल्या घरातून मी. मला कुणी विचारलं नाही आणि विचारायला हवं होतं असं मलाही तेव्हा वाटलं नाही. आबा एवढंच म्हणाले, “तू चार बुकं शिकलाईस, खालच्यास्नी कागदापत्राला व्हशील.” आई खिंडीपर्यंत आली होती. आमच्याबरोबर खाली निघालेल्या नथूकाकाची गाडी पुढं गेली तरी ती माझा हात सोडेना. म्हणाली, “चूल मांडलीस की पयला घास वरच्या अंगाला टाक. आमी हितं हाय, इसरू नगंस.” मी तो घास किती वर्षं टाकला ते मोजलं नाही.

माळ म्हणजे नुसता मुरूम. पहिली तीन वर्षं नाचणीसुद्धा धड आली नाही. पाणी मुळा नदीवरून, जाऊन-येऊन दोन कोस. तरीही चैत्री पुनवेला वाघजाईच्या उत्सवाला अकरा घरांची पट्टी घेऊन आम्ही वर यायचो. घरटी तांदूळ, वर सव्वा रुपया. डोक्यावर ओझं घेऊन चढताना बायका गाणी म्हणायच्या. खोटं नाही सांगत, तेव्हा ती पट्टी जड वाटायची नाही. आपलं गाव, आपली देवी, आपली माणसं. धरणाच्या पाण्यावर वाऱ्यानं उठलेल्या लाटा दिसल्या की नथूकाका थांबून सांगायचा, तिथं माझं खळं होतं, तिथं चिंच होती. मग सगळे ओझं सावरून पुढं चालायचे.

आबा गेले आणि त्यांचा गावकारभार थोरला म्हणून तुझ्याकडं आला. तिथून काय काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण खालून ते कसं दिसतं ते तू कधी पाहिलं नाहीस. आधी निरोप यायचा, ‘अमुक करायचं म्हणतोय, तुमचं काय?’ मग निरोप यायला लागला, ‘ठरलंय.’ देवळावर पत्रा घालायचं ठरलंय, पट्टी दुप्पट. गायरानाची फिर्याद लावायचं ठरलंय, घरटी पाच रुपये. ते गायरान तुमचं. आमची ढोरं ते कधी बघणारसुद्धा नव्हती. उत्सवाच्या बैठकीत आम्ही देवळाच्या पायरीखाली बसायचो, कारण वर जागा नाही असं एका वर्षी म्हणाला होतात आणि तीच पुढं रीत झाली. जेवायला शेवटच्या पंगतीत. नथूकाका सत्तरीचा माणूस, पायरीखाली बसून मान वर करून तुझ्याकडं बघायचा. त्याच्या मानेची शीर ताणलेली मला आजही दिसते.

एकदा आम्ही वाडीतच निंबाखाली एक दगड मांडला, शेंदूर लावला, म्हटलं बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना तेवढाच टेकायला देव. तुझी चार माणसं आली आणि दगड उचलून ओढ्यात टाकला. “देवी एका गावची. दोन जागी बसत न्हाई,” म्हणाले. मी शाळेत होतो. संध्याकाळी आलो तर बायका तिथं नुसत्या उभ्या होत्या. तेव्हाही मी लोकांना समजावलं, की दादाच्या मनात तसं नसेल, पंचांनी भरीला घातलं असेल. तुझी बाजू मांडायचं काम मी फुकट आणि मनापासून केलं.

विहिरीचं तुला कळवलं होतं. दोन वर्षांपूर्वी माघात आम्ही ती खणायला घेतली. वाडीतला वाल्मीक सगळ्यांत पुढं. तीस फुटांवर काळा पाषाण लागला. सुरुंग उडवल्यावर तो उतरला आणि कडेची दरड त्याच्यावर आली. काढला तेव्हा जीव होता, पौडच्या वाटेवर गेला. त्याची बायको गोजराबाई आणि पोरगी जया अशा दोघी मागं राहिल्या. त्या चैत्रात मी तुला पत्र लिहिलं, माझ्या हातचं सगळ्यांत नम्र पत्र. या वर्षी गोजराबाईच्या घराला माफी असावी आणि बाकीच्यांची अर्धी पट्टी विहिरीला लावू द्यावी. तुझं उत्तर एका ओळीचं होतं. ‘देवीचं देणं माणूस गेल्यानं चुकत नाही.’ दादा, ही ओळ तू स्वतः रचलीस की कुणी सांगितली? वर्षभर मी हाच विचार करत होतो. तू रचली नसशील असं मला फार वाटायचं.

इतर घरांनी पट्टी भरली. गोजराबाईनं भरली नाही, तर वैशाखात तुझी माणसं तिच्या दारात उभी राहिली आणि तांब्याचा हंडा घेऊन गेली. पाण्याचा हंडा, दादा. जिच्या नवऱ्याला पाण्यानं खाल्लं तिच्या घरातून. ती ओरडली नाही. उंबऱ्यावर बसून म्हणाली, “न्या. वर लई पानी हाय तुमच्याकडं, भरायला लागंल.”

त्याच साली मार्गशीर्षात मी सातवीला इतिहास शिकवत होतो. इंग्लंडातून समुद्रापलीकडं गेलेल्या लोकांच्या वसाहतींनी राजाला कर द्यायचं का नाकारलं, हा धडा. वीस वर्षं शिकवतोय, फळ्यावर कारणं लिहितो, पोरं उतरवून घेतात. जया त्या वर्गात होती. बापाच्या मागं ती कुणाशी फारशी बोलायची नाही. त्या दिवशी उठून उभी राहिली. म्हणाली, “गुर्जी, ती मान्सं इंग्रजच व्हती ना? राजा त्येंच्यातलाच व्हता ना?” मी म्हटलं, हो, त्यांच्यातलाच. भाषा एक, देव एक, रक्ताचं नातं. “मग आपल्याच मान्साशी का भांडली?” मी पुस्तकातलं सांगितलं, की कर ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, जिथं ठरायचं तिथं त्यांचं माणूस बसलेलं नव्हतं. पोर म्हणाली, “इचारलं असतं तर दिला असता?”

मी फळ्याकडं वळलो. खडू हातात होता, काही लिहायचं नव्हतं. मला चैत्रातली ती ओझी आठवली, बायकांची गाणी आठवली. दिला असता की. तीस वर्षं देतच होतो. तांदळाचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. दूर बसलेल्या माणसाला आपण दिसत नाही, त्याला फक्त आपलं देणं दिसतं, हे एकदा कळलं की हात आखडतो. परका असता तर लवकर कळलं असतं. आपला होता म्हणून तीस वर्षं लागली.

मग गेल्या वर्षीच्या चैत्रात कुणीच वर गेलं नाही. निंबाखाली बैठक झाली. नथूकाका म्हणाला, “जायाचं आसंल तर माझं मढं वलांडून जावा.” ठरावाचा कागद मीच लिहिला आणि खाली पहिली सही माझी. तुझ्या हातात तो पडला तेव्हा अक्षर ओळखलं असशील. तू मला शिव्या दिल्यास असं कळलं. त्याचं काही नाही. पण मग तुम्ही वाडीला वाळीत टाकलंत. कायद्यानं त्याला बंदी आहे, हे मी तुला कळवलं असतं तर तू हसला असतास. मुठेच्या खोऱ्यात माझ्या रत्नाची सोयरीक ठरली होती, कुंकू लावून झालं होतं. तुझा माणूस त्यांच्याकडं जाऊन आला आणि आठ दिवसांत त्यांनी नारळ परत पाठवला. रत्ना तुझी पुतणी. तिचं नाव तूच ठेवलंस. ती त्या दिवशी विहिरीच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसली आणि संध्याकाळी उठून भाकऱ्या थापायला लागली. मी तिला काय सांगणार होतो? की तुझ्या काकाच्या मनात तसं नसेल?

आई खाली आली तो दिवस कार्तिकातला. तू सगळीकडं सांगितलंस की कोंडानं तिला फितवून नेली. मी फितवली नाही. मी शाळेतून आलो तर ती ओट्यावर बसलेली, पायाला ताम्हिणीच्या वाटेची लाल माती, शेजारी गाठोडं. पौडपर्यंत इस्माईलची गाडी, तिथून एस.टी., पिरंगुटापासून चालत. बहात्तर वर्षांची बाई. मी म्हटलं, आई, दादाला विचारून आलीस? तर म्हणाली, “त्येनं मला इचारून वाळीत टाकलं व्हतं का माझ्या पोराला?” आठ दिवसांनी तुझा निरोप आला की ती वाळीतल्या घरात जेवली, आता तिला वर जागा नाही. मी तो तिला वाचून दाखवायला नको होता. वाचला. तिनं तो कागद हातात घेतला, वाचता येत नव्हतं तरी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, “माझ्या हैबतीचं अक्षर लई चांगलं.” पण त्या दिवसापासून ती ओट्यावर पश्चिमेकडं तोंड करून बसायची नाही. तिकडं वरचं गाव.

आता एक गोष्ट लिहितो, ती माझ्याविरुद्धची आहे. फक्त तुझंच लिहिलं तर पत्र खोटं होईल. पौषात विहीर पुन्हा खणायला घ्यायची ठरली. नथूकाकानं आणि मी बसून ठरवलं, घरटी आठ दिवस अंगमेहनत, नाहीतर त्याऐवजी एक पायली दाणे. गोजराबाईनं दोन्हीला नाही म्हटलं. मी तिच्या दारात गेलो आणि चढ्या आवाजात बोललो, की तुझ्याच नवऱ्याचा जीव गेला त्या विहिरीत, तूच मागं सरतेस? ती म्हणाली, “बैठकीला मला बलावलं व्हतं का? माझ्या घरात गडी न्हाई म्हून मी घर न्हाई व्हय?” मी रागारागानं घरी आलो. आईनं ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. तांदूळ निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, “थोरला बी आसाच बोलतुया. आवाज त्योच.”

दादा, थोबाडीत बसली असती तर कमी लागलं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी निंबाखाली पुन्हा बैठक बसवली आणि या वेळी बायांना बोलावलं. नथूकाका कुरकुरला, पण बसला. गोजराबाई म्हणाली, मी दगड उचलणार नाही, त्या खड्ड्यात माझ्यानं उतरवणार नाही, पण खणणाऱ्यांची दुपारची भाकरी मी करीन, काम संपेपर्यंत. तिनं आठ दिवस नाही, दोन महिने केली. कुणी सांगितलं असतं तर केली नसती. या चैत्रात बेचाळीस फुटांवर पाणी लागलं. फार नाही, बाया हंडा बुडवून थांबतात, पुन्हा झिरपेपर्यंत बोलत बसतात. आईला पहिला तांब्या दिला. प्यायली आणि तोंड वाकडं केलं. “मचूळ हाय. पन कुनाच्या बापाचं न्हाई,” म्हणाली आणि स्वतःच हसली. तिला हसताना तू शेवटचं कधी पाहिलंस?

तू म्हणशील, मी नसतो तर देवी पाण्यात गेली असती, गाव विखुरलं असतं, पट्टी होती म्हणून नाव टिकलं. यातलं बरंचसं खरं आहे. सोललेला खांदा मी विसरलेलो नाही. पण बुडत्या गावातून शिळा काढणारा माणूस त्या शिळेवरच बसून राहिला, हेही मी पाहिलं. आणि मधली वीस वर्षं मी तुझ्याशी भांडायला हवं होतं, तेव्हा भांडलो नाही. रागाच्या वाटणीत तेवढा माझाही हिस्सा आहे.

आता घाईचं कारण. हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर रीतीप्रमाणं पत्र तिथंच फाडून तू आंघोळीला उठला असतास आणि बाकीचं कधी वाचलं नसतंस. म्हणून मी ते दडवलं, त्याबद्दल मला काय म्हणायचं ते म्हण. आई परवा, वद्य द्वितीयेला, सकाळी गेली. ताप दोनच दिवस होता. डॉक्टर पिरंगुटाहून आणला, तो म्हणाला वय झालंय. शेवटच्या दिवशी तिनं तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, माणूस पाठवतो. ती म्हणाली, “नगं. त्येला पंचास्नी इचारावं लागंल. तवर मी न्हाई थांबायची.” सकाळी मी तांब्या भरून आत गेलो तोवर संपलं होतं. अग्नी मी दिला. वाडीतली सगळी घरं होती, गोजराबाई पायाशी बसली होती. तुला सुतक आहे, ते पाळ. दहावा पुढच्या मंगळवारी, मुळेच्या काठी, भऱ्याच्या उताराला. पिंडाचा मान थोरल्याचा आहे आणि तो तुझ्यासाठी ठेवलाय, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. उन्हं डोक्यावर येईतो वाट बघीन, मग मी करीन. यायचं असलं तर एकटा ये आणि येताना कुणालाही विचारून येऊ नकोस.

तुझाच,
कोंडाजी